काचपेटीची दिशा

सूर्य भेदभाव करत नाही. तो महालावर जितका तळपतो तितकाच झोपडीवर तळपतो, आणि म्हणून त्याची उष्णता ही खऱ्या अर्थानं गोरगरिबांची मालमत्ता आहे.

हे वाक्य माझं आहे. आमच्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ते ठळक अक्षरांत छापलं होतं. मी ते चिखलीच्या कार्यालयात, एप्रिल महिन्यात, खिडक्यांचे पडदे ओढून आणि कूलरसमोर बसून लिहिलं.

ज्यांची ही मालमत्ता, त्यांना तिच्याबद्दल फारसा अभिमान असल्याचं मला कधी दिसलं नाही. आमच्याकडे उन्हाविषयी बोलतात ते तक्रारीच्या सुरात. आम्ही घाटावरची माणसं घाटाखालच्यांपेक्षा जरा थंड हवेत राहतो असा आमचा समज आहे, आणि मे महिन्यात दुपारी डोक्याला उपरणं गुंडाळून आम्ही तो जपतो. तरी उन्हाचा उपयोग लोकांना माहीत नव्हता असं नाही. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, मिरच्या, कैरीच्या फोडी. होळी झाली की गावातली प्रत्येक गच्ची आणि प्रत्येक बाज वाळवणानं भरते. आम्ही मात्र गावोगाव जाऊन सांगत होतो की उन्हात वस्तू वाळतात.

सांगायला आमच्याजवळ एक यंत्र होतं. कागदोपत्री त्याचं नाव सौर शुष्कक. आतून काळा रंग दिलेली पत्र्याची मोठी पेटी, वरून उतरती काच, आत जाळीचे ट्रे, खालून हवा शिरायला भोकं आणि वरून ती बाहेर जायला धुरांडं. काच पुढं, ट्रे आत सरकवायचं दार मागं. ऊन काचेतून आत येतं, हवा तापते, ओल घेऊन वर निघून जाते. धूळ नाही, माशा नाहीत, कावळे नाहीत. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला काचपेटी म्हणायला सुरुवात केली, आणि शुष्कक हा शब्द त्यानंतर फक्त अहवालात राहिला.

अमडापूरपासून आठेक किलोमीटर आत एक गाव आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटाला आम्ही पहिली पेटी दिली. गटाच्या अध्यक्ष होत्या त्यांना सगळं गाव ताई म्हणायचं, मीही म्हणायचो. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं कमी, हात सारखे कशात तरी. जन्मभर त्यांनी दुसऱ्याच्या शेतात निंदण केलं होतं. निंदण म्हणजे पावसाळाभर उकिडवं बसून, सोयाबीनच्या ओळींतून बेडकासारखं पुढं सरकत गवत काढणं. त्यात त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. त्या बसल्या की उठताना जवळ असेल त्याचा आधार घ्यायच्या, खांब असो की माणूस.

पेटी आली त्या दिवशी त्या तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि मला म्हणाल्या, "हे काम उभ्यानं व्हते ना, भाऊ?"

मी हो म्हणालो. पुस्तिकेत यंत्राचे अकरा फायदे दिले होते. त्यात हा नव्हता.

उद्घाटन फेब्रुवारीत झालं. वेळ सकाळी अकराची. प्रमुख पाहुण्यांना वाटेत आणखी दोन उद्घाटनं होती, ती आटोपून ते आले तेव्हा ऊन शाळेच्या भिंतीवरून सरकून कडुलिंबाच्या शेंड्याला लागलं होतं. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि सौरऊर्जेवर पाऊण तास बोलले. ते थांबले तेव्हा सूर्य मावळला होता. पेटी चालते कशी हे दाखवायचं राहिलं. एका पत्रकारानं विचारलं की रात्री ही किती तास चालते. पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी ताईंकडं पाहिलं, आणि ताई चहाचे कप गोळा करायला गेल्या.

जाण्यापूर्वी मी होकायंत्र काढून पेटी नीट लावली. काचेचं तोंड दक्षिणेला. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा काच दक्षिणेला असली की दिवसभर ऊन मिळतं, हे मी सगळ्यांना दोनदा समजावून सांगितलं. बायकांनी ऐकलं. वऱ्हाडातल्या बायका बाहेरच्या माणसाचं फार मनापासून ऐकतात. त्यात होकार असतोच असं नाही, हे मला तोपर्यंत कळायला हवं होतं.

आठ दिवसांनी गेलो तर पेटीची काच पूर्वेला.

मला वाटलं पोरांनी ढकलली असेल. दोघांतिघांना हाताशी घेऊन मी ती पुन्हा फिरवली. पुढच्या आठवड्यात परत पूर्वेला. पेटी जड होती. वाऱ्यानं फिरण्यासारखी नव्हती. मी ताईंना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तसं बरं नाई वाटत, भाऊ."

मला सगळं समजल्यासारखं वाटलं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, पूर्व म्हणजे उगवत्या सूर्याची. नव्या वस्तूचं तोंड अशुभ दिशेला नको. इतकी सरळ अंधश्रद्धा समोर आल्यावर सुशिक्षित माणसाला एक प्रकारचा आनंद होतो, तो मला झाला. मी तिथंच उभं राहून पृथ्वी, तिचा कललेला अक्ष, उत्तरायण आणि दक्षिणायन यांवर बोललो. एक टोमॅटो आणि बॅटरी घेऊन प्रात्यक्षिकही केलं. हाव भाऊ, बरोबर हाय भाऊ, असं सगळ्या म्हणाल्या. एका म्हातारीनं नंतर तो टोमॅटो मागून घेतला.

पूर्वेला तोंड असताना पेटीत ऊन दुपारपर्यंतच भरायचं, आणि मेथी वाळायला तीन दिवस लागत होते. बायकांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती, बाजेवर चार दिवस लागतात असं त्या म्हणायच्या. पण माझ्या तक्त्यात दीड दिवस लिहिलेलं होतं. मी तक्त्याच्या बाजूचा माणूस.

पाचव्यांदा पेटी फिरलेली पाहिली तेव्हा मी अमडापूरहून सिमेंटची गोणी आणली. काच दक्षिणेला करून पेटीचे चारही पाय जमिनीत पक्के केले आणि सिमेंट सुकेपर्यंत तिथं राखणीला बसून राहिलो. ताईंनी मला दुपारचं जेवायला आणून दिलं. भाकरी, मेथीची भाजी आणि वर मिरचीचा ठेचा. मी खाली मान घालून जेवलो. त्या पेटीकडं बघत उभ्या होत्या.

मार्चमध्ये टोमॅटोच्या चकत्या घातल्या आणि त्या बुरसल्या.

हे मला समजेना. आता दिशा बरोबर होती, ऊन भरपूर होतं, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मी थर्मामीटर घेऊन गेलो. पेटीतली हवा जितकी तापायला हवी तितकी तापत नव्हती. काच पुसली, भोकं मोकळी केली, धुरांड्यात चिमणीनं घरटं केलंय का तेही पाहिलं. दुसरा घाणा घातला, तोही मऊच राहिला. खामगावचा एक मसालेवाला व्यापारी आमचा माल घ्यायला तयार होता. त्याची तपासणी सोपी होती. चकती उचलायची आणि दोन बोटांत मोडायची. तुटली तर माल, वाकली तर कचरा. आमची चकती त्यानं मोडायला घेतली, ती वाकून त्याच्या बोटाला चिकटली. त्यानं बोट पँटीला पुसलं आणि आम्हाला चहा पाजला.

मग वरच्या कार्यालयातून पत्र आलं. पेटीला पैसा देणाऱ्या मंडळींचे अधिकारी मेच्या शेवटी पाहणीला येणार होते. तोवर नीट वाळलेला माल निघाला नाही तर पेटी या गावातून उचलून दुसरबीडच्या गटाला द्यायची. तिकडचा गट तयारच होता. मी हे ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं की निंदण कधी सुरू होईल. मी म्हणालो, पाऊस वेळेवर पडला तर जूनच्या शेवटी. जन्मभर निंदण केलेल्या बाईनं हा प्रश्न मला विचारावा हे विचित्रच होतं. बहुधा त्या मला विचारत नव्हत्याच.

एप्रिल महिना मी कसा काढला ते आठवलं की अजून पाय हलायला लागतात. एका जागी बसवेना. कामाचं निमित्त काढून मोटारसायकलवरून गावात जायचो, थर्मामीटर बघायचो, परत यायचो, आणि अर्ध्या वाटेतून पुन्हा मागं वळायचो. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांच्या सावल्या बघायची सवय लागली. कुठल्याही गच्चीवर सौर बंब दिसला की त्याचं तोंड कुणीकडं आहे ते आधी बघायचो. एकदा चिखलीत ओळखीच्या माणसाकडं जेवायला गेलो असताना त्याचा बंब नैऋत्येला झुकलाय असं सांगितलं. त्यानंतर त्यानं मला जेवायला बोलावलं नाही.

घरीही तेच. मी बायकोसमोर गावच्या लोकांच्या दिशांच्या वेडाबद्दल बोलत होतो. तिनं शांतपणे विचारलं, "आपल्या खोलीतला पलंग आडवा का लावलाय?" मी म्हणालो, जागा कमी म्हणून. ती म्हणाली, "जागा उभा लावायलाही होती. तुमचे पाय दक्षिणेला होत होते म्हणून तुम्हीच फिरवलात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी." मी पलंगाकडं बघून आलो. तो खरंच पूर्व-पश्चिम होता.

मला वाटायला लागलं की बायका मुद्दाम पेटी उघडून ठेवत असतील. हा संशय मी कुणाला सांगितला नाही, पण मनात धरला आणि तो घेऊन फिरलो. माझ्या वहीत त्या दिवसांत "सहकार्याचा अभाव" असे शब्द आहेत. "मानसिकता" हाही शब्द आहे, आणि त्याच्याखाली दोन रेघा. आज ते पान मी पटकन उलटतो.

मे महिन्याच्या मध्याला कैऱ्या उतरवल्या. गावरान झाडाच्या, आंबटढाण. ही शेवटची संधी होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पहिल्या घाण्याच्या दिवशी मला घरी राहवेना. एरवी मी गावात पोचायचो ते अकरा वाजता, ऊन चढल्यावर, म्हणजे थर्मामीटर बघण्याच्या वेळेला. त्या दिवशी सकाळी सातलाच पोचलो. पेटी भरायची वेळ सातची असते हे मला माहीत होतं. वेळापत्रक मीच लिहिलं होतं. पण तीन महिन्यांत पेटी भरताना मी एकदाही पाहिलेली नव्हती.

लिंबाखाली मोटारसायकल लावली आणि तिथूनच बघत राहिलो. चार बायका होत्या. दोघी फोडींचे ट्रे घेऊन पेटीच्या मागं उभ्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, दाराजवळ. पण दाराकडं कुणाचंच तोंड नव्हतं. त्या आडव्या उभ्या होत्या, तोंड पूर्वेला करून, आणि ट्रे बाजूनं, कमरेतून वळून आत सरकवत होत्या. फोडी सांडत होत्या. ताईंची तर वळताना गुडघ्यावर सगळा भार येत होता आणि त्या दरवेळी ओठ आवळत होत्या. सगळे ट्रे आत गेल्यावर ताईंनी दाराकडं पाठ केली आणि हात मागं नेऊन चाचपडत कडी लावली.

त्या दाराला दोन कड्या होत्या. एक वर, एक खाली. दार छातीनं दाबून धरल्याशिवाय खालची बसत नसे. पाठीमागं हात नेऊन ती बसणं शक्यच नव्हतं. सिमेंट घातल्यापासून दोन महिने खालच्या फटीतून गरम हवा गावात निघून जात होती.

मी जवळ गेलो. पेटीचं दार दाबून खालची कडी लावली आणि ताईंना विचारलं की त्या अशा पाठमोऱ्या का उभ्या राहतात. त्यांनी इतर बायकांकडं पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "माह्या सासऱ्याचा दहावा झाला तवा माह्या नवऱ्यानं तिकडे तोंड करून पिंड सोडला. मले नाई जमत, भाऊ. जित्या माणसाच्या पोटात जायाचं हाय हे."

मी पेटीकडं पाहिलं. काच दक्षिणेला, दार उत्तरेला. दारासमोर उभं राहणाऱ्या माणसाचं तोंड आपोआप दक्षिणेला. दोन हातांत अन्न, ते पुढं करायचं, आत सोडायचं. दहाव्याला नदीच्या घाटावर हेच करतात. पेटी कुणीकडं बघते याच्याशी त्यांना काहीच देणंघेणं नव्हतं. त्यांनी ती पूर्वेला फिरवली होती ती स्वतःचं तोंड पूर्वेला राहावं म्हणून. यमाचा, उगवत्या सूर्याचा आणि अंधश्रद्धेचा सगळा मजकूर माझ्या पदरचा होता.

म्हणालो, "मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी?" ताई म्हणाल्या. "तुमी तं सांगूनच राह्यले व्हते."

टोमॅटो मागून घेणारी म्हातारी मागं बसून कैऱ्या चिरत होती. ती म्हणाली की सांगणाऱ्याले इचारायले येळ कुठी भेटते, बापा. बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या, म्हणजे मी आता काय करतो ते बघत होत्या.

अक्षावर आणि दक्षिणायनावर त्यांना पुन्हा एकदा सांगता आलं असतं. रूढीचा आणि विज्ञानाचा झगडा यावरही माझ्याजवळ बरंच होतं. पण पाय शिसवीच्या लाकडासारखे आखडून उभी असलेली बाई समोर होती, आणि महिनाअखेरीला पंधरा दिवसही उरले नव्हते. मी मोटारसायकल काढली आणि अमडापूरला जाऊन वेल्डिंगवाल्याला मागच्या सीटवर बसवून आणलं.

तो तोंडात तंबाखू धरून पेटीभोवती फिरला. माझं म्हणणं त्यानं अर्धंच ऐकलं. मग मला बाजूला सारून बायकांना विचारलं, "उभं कुठी राह्यता तुमी? ते दाखवा पहिले." ताई पश्चिमेच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, तोंड पूर्वेला. त्यानं त्यांच्यासमोरच्या पत्र्यावर खडूनं चौकोन काढला. मागचं दार पत्रा लावून कायमचं बंद केलं, चौकोन कापला, तिथं नवं दार बसवलं, कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली. ट्रे आडवे सरकेनात म्हणून ते मधोमध कापून दोन-दोन केले. कड्या दोन्ही कमरेच्या उंचीला. दुपारचं जेवण व्हायच्या आत काम झालं.

जाताना तो मला म्हणाला, "सर, हे दार मागं कोनं ठेवलं व्हतं?" मी म्हणालो, बाहेरच्या एका मोठ्या संस्थेनं आराखडा केला होता. त्यानं मान डोलावली. तंबाखू थुंकून म्हणाला, "त्याईनं कधी काही वाळू घातलं नसन." 

त्या घाण्याच्या फोडी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाल्या. ताईंनी एक उचलली आणि मोडली. आवाज आला. त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली. नंतर त्या नुसत्याच मोडत बसल्या, आठ-दहा तरी, आणि म्हातारीनं त्यांना माल संपवू नको म्हणून दटावलं. खामगावचा व्यापारी पुढच्या आठवड्यात येऊन गेला. त्यानंही एक मोडली. या वेळी बोट पुसलं नाही.

तरीही मला स्वस्थता नव्हती. पेटी राहणार की जाणार हे व्यापारी ठरवणार नव्हता, पाहणीला येणारे साहेब ठरवणार होते. आणि साहेबांच्या तपासणीच्या यादीत फोडीचा आवाज नव्हता. मंजूर आराखड्यात दार मागं होतं. आमच्या पेटीचं दार बगलेत होतं आणि त्याला सायकलच्या ट्यूबची झालर होती. विनापरवाना फेरबदल या सदरात ते बसत होतं. चार दिवस मी या दाराचं समर्थन पाठ करत होतो. अंघोळ करताना करत होतो, गाडीवर करत होतो. सामाजिक स्वीकारार्हता असा एक शब्द त्यात होता. पिंडाचा उल्लेख कुठं आणि कसा करायचा ते मात्र जमत नव्हतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात साहेब आले. मांडव होता, शाल होती, पाण्याच्या लहान बाटल्या होत्या. साहेबांनी गाडीतून उतरून सरळ पेटी गाठली. मी वाक्य तयार ठेवलं. ताई पलीकडं ट्रे धरून उभ्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं की साहेब काही विचारतील तर त्या खरं तेच सांगतील, आणि मला त्याचीच भीती होती.

साहेबांनी दाराकडं पाहिलंही नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, त्यात होकायंत्र उघडलं, तो काचेच्या कडेला समांतर धरला आणि डोळे बारीक केले. मग पायांचं सिमेंट बुटानं ठोकून पाहिलं. त्यांच्यासोबतच्या माणसानं वहीत लिहून घेतलं. साहेब मला म्हणाले की इतर बऱ्याच गावांत पेट्या वाट्टेल तशा ठेवलेल्या आढळल्या. दिशेचं महत्त्व लोकांना पटवून देणं हेच खरं प्रबोधन. मी मान हलवली. पाठ केलेलं सगळं तसंच आत राहिलं.

ताईंनी त्यांना फोड दिली. ती त्यांनी मोडली नाही, तोंडात टाकली, आणि त्यांचा चेहरा बराच वेळ आंबट राहिला.

मग फोटो. फोटोग्राफरला काच समोरून हवी होती, म्हणून तो पेटीच्या दक्षिणेला गेला. बायकांना त्यानं पेटीच्या मागं एका ओळीत उभं केलं, प्रत्येकीच्या हातात कैरीच्या फोडींचा ट्रे, आणि सांगितलं की ट्रे कॅमेऱ्याकडं पुढं करा, जणू आम्हाला देताय असं. मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी ट्रे पुढं केला. तोंड मात्र सावकाश डावीकडं, पूर्वेला वळवलं. बाकीच्यांनीही वळवलं. फोटोग्राफर इकडं बघा, इकडं बघा म्हणत राहिला. एकीनंही पाहिलं नाही. शेवटी उन्हाला कंटाळून त्यानं तसाच फोटो काढला. तो पुढं वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. अकरा बायका एकाच दिशेला बघतायत, आणि खाली ओळ आहे: उज्ज्वल भविष्याकडे.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मी ते गावात नेऊन ताईंना वाचून दाखवलं. पेटी याच गावात राहील. ताईंनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं, मग कागद घडी करून गटाच्या डब्यात ठेवला. त्या वर्षी त्या निंदणाला गेल्या नाहीत. पाऊस सुरू होईपर्यंत उघडिपीच्या प्रत्येक दिवशी पेटीसमोर उभ्या होत्या, आणि पावसाळ्यात दोन उन्हं सलग मिळाली की कांदा घालत होत्या.

पेटी तिथंच ठेवण्याचं कारण पत्रात एका ओळीत दिलं होतं: संयंत्र सूर्याच्या दिशेस अचूक बसवलेले आढळले.

पाहणी झाली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. आमच्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या वेळी सूर्य डोक्यावरून एखादा अंश उत्तरेला असतो, म्हणजे काचेच्या पाठीमागं.